बशीवरची उपडी वाटी

१

शेवटच्या दिवशी सकाळी दूध लागलं.

"दूध लागतंय गं खालून," बाबा बाहेरच्या खोलीतून म्हणाले. मी पातेल्यावर वाकून उभी होते आणि मला कसलाही वास आला नव्हता. तळाशी चमचा फिरवला, तेव्हा एक तपकिरी पापुद्रा सुटून वर आला.

"तुम्हाला तिथून कसं कळलं?"

"नाकाच्या जिवावर तर घर चालवलं मी."

ते खरंच होतं. बाबा कॉफीच्या मळ्यावर चव घेण्याचं काम करत. फळ कुठल्या उतारावरचं, टाकीत किती आंबवलं, नीट वाळलं की नाही, हे ते चमचाभर कॉफीवरून सांगत. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं, तरी सगळे त्यांना मास्तर म्हणत. मळ्याच्या कॉफीच्या पिशवीवर 'मास्तरांची निवड' असं छापलेलं असे. त्या दोन शब्दांची त्यांना इतकी लाज वाटे, की दुकानात ती पिशवी दिसली की ते मुद्दाम साबणाच्या रांगेतून वळून जात.

वाचलेल्या दुधात त्यांनी दोन कप कॉफी केली. कामाची कॉफी काळी, घरची दुधाची, असा त्यांचा नियम. माझ्यासमोर कप ठेवून रोजच्यासारखं विचारलं, "कशी झालीय?"

"छान."

मी रोज छानच म्हणत असे. मग आम्ही वर्तमानपत्राची पानं वाटून घेत असू. शब्दकोडं त्यांचं, बाकी जग माझं.

त्या दिवशी मळ्यावर बाहेरून मोठा खरेदीदार येणार होता. अशा दिवशी सकाळच्या कपानंतर बाबा पाण्याखेरीज तोंडात काही घालत नसत. स्वच्छ रुमाल आणि स्वतःचा चमचा खिशात ठेवून ते गेले आणि दुपारी परत आले.

"कशी झाली चव?"

"माझी जीभ गेली म्हणे," ते चपला काढत म्हणाले.

"कोण म्हणे?"

"सगळेच." आणि ते हसले. मला ते हसणं चांगलं आठवतं. दुखावलेल्या माणसाचं ते नव्हतं. कोड्यातला शेवटचा शब्द सापडल्यावर ते जसे हसत, तसे हसले. संध्याकाळी पोटभर जेवले, भाजीत मीठ कमी आहे असं सांगून जेवले. आणि हात पुसताना म्हणाले, "उद्या दूध जास्तीचं घे. एक जण येईल सकाळी."

"कोण?"

"आल्यावर कळेल."

"आणि नाही आलं तर?"

"येईल," बाबा म्हणाले.

सकाळी ते उठलेच नाहीत. झोपेतच गेले. मी फोन हातात घेऊन आधी कुणाला लावावा ते ठरवत होते, तेवढ्यात बेल वाजली. दारात मळ्यावर कॉफी भाजणारी भट्टीताई होती. माझ्याकडे पाहून तिला सगळं कळलं आणि ती पायरीवरच बसून रडायला लागली, मला जमलं नाही तशी. मग शेजारचे आले, डॉक्टर आले, मळ्यावरची माणसं आली.

जास्तीचं दूध तसंच राहिलं.

२

भेटायला येणारी माणसं चांगली होती. चांगल्या माणसांकडूनच मला कळलं की, "शेवटी शेवटी मास्तरांची जीभ गेली होती, नाही का? होतं हो वयानुसार." खरेदीदारासमोर त्यांनी आपल्याच मळ्याची कॉफी नाकारली. खरेदीदार त्याच कॉफीला उत्तम म्हणाला. मालकीणबाईंना मान खाली घालावी लागली. आता पिशव्या नव्याने छापायला टाकल्यात, म्हणाले. नाव काढून.

ज्या नाकाला दोन खोल्यांपलीकडून दूध लागल्याचं कळलं, ते काही तासांत चवीच्या टेबलावर चुकलं, हे मला पटेना. आणि चुकलं असेल, तर तो माणूस संध्याकाळी हसत का होता?

मी वाचनालयात काम करते. रहस्यकथांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते. त्या कथांनी मला एक गोष्ट शिकवली आहे, ती म्हणजे सांत्वन करणाऱ्या माणसांना प्रश्न विचारता येत नाहीत. बाबांची मुलगी म्हणून गेले असते, तर सगळ्यांनी मला खुर्ची दिली असती, पाणी दिलं असतं, डोळे पुसले असते. म्हणून मी मळ्याच्या सहलीचं तिकीट काढलं. 'मळा पाहा, भट्टी पाहा, चव घ्या.' तिकीट घेतलेल्या माणसाला काहीही विचारायचा हक्क असतो.

फाटकात रेडिओकाका उभे होते. हे पाहुण्यांना मळा दाखवतात. बंद करायचं बटण नाही म्हणून नाव रेडिओ. मला पाहून ते चक्क गप्प झाले.

"तिकीट आहे माझ्याकडे," मी म्हणाले. "नेहमीसारखं सगळं दाखवा."

माझ्याबरोबर एक निवृत्त जोडपं होतं. बाईंच्या डोक्यावर मोठी टोपी होती आणि यजमानांच्या तोंडी एकच शब्द होता. फाटक पाहून ते म्हणाले, "मस्त."

आम्ही झाडांमधून वर चढलो. रेडिओकाकांनी लाल फळ दाबून दाखवलं. आतून दोन दाणे निसटले, गोड चिकट, एकमेकांना पाठ न दाखवता पोटाला पोट लावून बसलेले.

"हे आमच्यासारखं," टोपीवाल्या बाई म्हणाल्या. "एका सालीत दोघं, आणि बोलणं बंद."

"मस्त," यजमान म्हणाले.

"हा वरचा मळा," रेडिओकाका म्हणाले. "लहानसा आहे, पण इथली कॉफी म्हणजे आमची शान. वाळवणाच्या एकाच खाटेवर मावेल एवढंच पीक येतं."

जोडप्याला पुढे जाऊ देऊन मी काकांना गाठलं. "काका, त्या दिवशी तुम्ही टेबलापाशी होतात. नेमकं काय झालं?"

त्यांनी पुढे पाहिलं, मागे पाहिलं. "आता तू विचारतेस म्हणून सांगतो हं. तीन रांगा मांडल्या होत्या कपांच्या. तिसरी रांग वरच्या मळ्याची. मास्तरांनी भुरका मारला, चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, 'हा माल ह्या वर्षीचा नाही.' मालकीणबाई म्हणाल्या, 'मास्तर, असं कसं? वरच्या मळ्याचीच चव आहे ही.' त्यांनी स्वतः परत घेतली. वाळवणाच्या मामांनी घेतली. खरेदीदार तर माना डोलवत होता."

"आणि बाबा?"

"त्यांनी वाटीवर हात ठेवला."

वाटीचं मला माहीत होतं. तो बाबांचाच नियम. प्रत्येक रांगेपुढे एका बशीत त्याच मालाचे कच्चे दाणे असतात आणि बशीवर उपडी वाटी. आधी जीभ, मग डोळे. सगळ्यांची चव घेऊन झाल्याशिवाय वाटी उचलायची नाही. कच्चा दाणा ताजा असला की हिरवट, निळसर दिसतो. वर्षभराचा झाला की पांढुरका पडतो. भाजल्यावर दोन्ही सारखेच काळे, पण बशीतला दाणा खोटं बोलत नाही.

"मग? उचलली?"

"नाही ना! हात ठेवला, क्षणभर थांबले आणि काढून घेतला. 'असेल,' म्हणाले, 'माझी जीभ गेली असेल.' मग दुसऱ्या कुणी कशाला उचलतंय? मला वाटलं, हरले मास्तर."

मी उतारावर थांबले. वाटी उचलली असती, तर एका क्षणात निकाल लागला असता. बाबांना हे सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं.

मग त्यांनी हात का काढून घेतला?

३

वाळवणाच्या खाटा मोकळ्या उन्हात ओळीने मांडलेल्या आहेत. लाकडी चौकट, कमरेइतकी उंच, वर ताणलेली जाळी. जाळीवर धुतलेले दाणे पसरतात आणि सारखे हलवत राहतात. हे खातं मामांचं. मामा म्हणजे मालकीणबाईंचे भाऊ. मळ्यावर सगळ्यांचेच मामा, त्यामुळे भांडणातही त्यांना कुणी दुसरं काही म्हणत नाही. काळा चष्मा घालून ते दाणे परतत होते.

सगळ्या खाटांच्या जाळ्या वापरून तपकिरी झाल्या होत्या. टोकाच्या खाटेची जाळी मात्र कोरी करकरीत होती.

"ही वरच्या मळ्याची खाट ना, मामा?"

"अगं, तू! हो, तीच." त्यांनी चष्मा वर केला आणि उन्हाने डोळा मिटला. "मास्तरांची खाट म्हणायचो आम्ही. रोज येऊन दाणा चावून बघायचे."

"जाळी नवी दिसतेय."

"असेल. मी नाही बदलली."

"तुमच्या खाटेची जाळी बदलली आणि तुम्हाला माहीत नाही?"

"मला काय विचारतेस, मला तेव्हा समोरचा माणूस दिसत नव्हता!" मामा म्हणाले. "मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं माझं. तो माल वाळत होता, तेव्हा मी शहरात डोळ्याला पट्टी बांधून पडलो होतो. खरेदीदार आला त्याच सकाळी परतलो. चव घ्यायला बसलो तेव्हाही एकच डोळा उघडा होता. बहिणीला म्हटलं, मला दाखवायचं काही नाही, नुसतं चाखायला द्या."

"मस्त," यजमान म्हणाले. बायकोने त्यांना कोपर मारलं.

"तुम्ही नव्हतात, तेव्हा खाटांकडे कोण बघत होतं?"

"बहीण म्हणाली होती, बाहेरचा माणूस ठेवू. पण भट्टीताई म्हणाली, कशाला? भट्टीच्या दारातून खाटा दिसतात, मी बघेन. चोख बाई आहे. मास्तरांची चेली!"

मी नव्या जाळीवर हात ठेवला. जाळी झिजली तर कडेला झिजते, आणि तेवढाच तुकडा शिवून घेतात. सबंध जाळी एकाच कारणाने काढतात. तिच्यावर बुरशी धरली, तर. धुऊनही वास जात नाही, आणि पुढच्या मालाला लागतो.

म्हणजे ह्या खाटेवर ह्या वर्षीचा माल खराब झाला होता. आणि टेबलावर आला, तो दुसराच कुठला तरी.

एवढं तर बाबा चमचाभर कॉफीवरून म्हणालेच होते.

४

भट्टी म्हणजे पत्र्याची लांबट खोली. आत लोखंडी पिंप फिरत असतं, खाली जाळ. भट्टीताई पिंपाला कान लावल्यासारखी उभी होती. ती उंच आहे, हातावर जुने भाजल्याचे डाग आहेत, आणि काम करताना ती कुणाकडे बघत नाही. त्या दिवशी तर तिने माझ्याकडे अजिबात पाहिलं नाही.

"शांत राहा हं सगळे," रेडिओकाका म्हणाले, हे त्यांच्या तोंडून ऐकायला गंमत वाटली. "आता दाणा तडकेल."

आम्ही थांबलो. पिंपाच्या आतून लाह्या फुटल्यासारखा आवाज आला, आधी एक, मग पुष्कळ. भट्टीताईने त्याच क्षणी जाळ कमी केला.

"घड्याळ नाही बघत हो तुम्ही?" टोपीवाल्या बाईंनी विचारलं.

"कान पुरतात," भट्टीताई म्हणाली.

"मास्तर म्हणायचे," रेडिओकाका सुरू झाले, "माझी जीभ आणि हिचे कान, मळा एवढ्यावर चालतो. ताज्या दाण्यात पाणी असतं, तो सावकाश तडकतो. जुना दाणा सुकलेला, तो बघता बघता फुटतो. तुम्ही हिचे डोळे बांधा आणि..."

"पुरे झालं, काका," भट्टीताई म्हणाली.

कोपऱ्यात छोट्या शेगडीवर एक पातेलं होतं. आल्याचा आणि मधाचा दाट वास येत होता.

"हे काय उकळतंय?" बाईंनी विचारलं.

"सालीचा चहा! कॉफीच्या फळाची वाळवलेली साल, आलं, लिंबू, मध."

"कॉफीच्या मळ्यात येऊन चहा?"

"तो शेवटी मिळेल, व्हरांड्यात, चव घेऊन झाल्यावर. आधी दिला, तर तोंडात तोच राहतो. मग कॉफी काय कळणार?"

"नेहमी शेवटीच देता?" मी विचारलं.

"नेहमी. त्या खरेदीदाराच्या दिवशी तेवढा आधी दिला." रेडिओकाकांनी सहज सांगून टाकलं. "माणसं उन्हातून चढून आली होती, आणि पातेलं तयार होतं. मालकीणबाईंनी घेतला, मामांनी घेतला, खरेदीदाराने तर दोन पेले घेतले. मी म्हटलं, वा, आज भट्टीताईने आधीच..."

ते थांबले. रेडिओ मध्येच बंद पडला की खोलीत जशी शांतता होते, तशी झाली. फक्त पिंप फिरत होतं.

भट्टीताईने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. मग तिने पिंपाचं दार उघडलं आणि भाजलेले दाणे धो धो आवाज करत परातीत उतरले.

५

रहस्यकथेत शेवटी सगळ्या संशयितांना एका खोलीत आणतात. मळ्यावर ती सोय आधीच आहे. तिला चवीची खोली म्हणतात. पांढऱ्या भिंती, उत्तरेकडची खिडकी, मधोमध उंच टेबल. पाहुण्यांसाठी तीन रांगा कप मांडलेले होते आणि प्रत्येक रांगेपुढे बशी, तिच्यावर उपडी वाटी. मालकीणबाई दारात उभ्या होत्या. मी लहानपणापासून त्यांना काकू म्हणते.

"तिकीट काढून आलीस?" त्या म्हणाल्या. "एवढी परकी झालीस का गं?"

"काकू, आज माझ्याबरोबर चव घ्या."

"नको. त्या दिवसानंतर मी चमचा हातात धरला नाही." त्यांनी टेबलावरून नजर काढून घेतली. "मी मास्तरांना चारचौघांत बोलले. दुसऱ्या दिवशी ते गेले. ते मला पुरेल आता आयुष्यभर."

"म्हणूनच घ्या."

मामाही आले. भट्टीताईने किटलीने पाणी ओतलं. तिचा हात स्थिर होता, एकही थेंब सांडला नाही. कपांवर कॉफीच्या भरड पुडीची जाड साय धरली. थोडं थांबून आम्ही चमच्याने ती साय मोडली. पहिल्या रांगेचा भुरका मारून टोपीवाल्या बाई म्हणाल्या, "लिंबासारखं काहीतरी." यजमान काय म्हणाले ते सांगायला नको.

तिसरी रांग वरच्या मळ्याची होती. मी चमचा उचलला. बाबांनी मला हे लहानपणी शिकवलं होतं. चमच्यातून जोरात ओढायचं, सगळ्या जिभेवर पसरू द्यायचं, मग थुंकायचं. मी ओढलं. आधी वरच्या मळ्याची ओळखीची गोडी आली. आणि तिच्या मागून, बंद खोलीत पडून राहिलेल्या गोणपाटाची चव.

मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी भुरका मारला होता आणि चमचा तोंडासमोर तसाच धरला होता. त्यांनी दुसऱ्या कपातून घेतलं. मग तिसऱ्या. मग चमचा हळूच खाली ठेवला.

"हा माल," काकू म्हणाल्या, "ह्या वर्षीचा नाही."

मामांनीही तिसऱ्या रांगेतून एक भुरका मारला.

"हेच ते म्हणाले होते," काकू म्हणाल्या. "शब्द न् शब्द."

"त्या दिवशी तुमच्या तोंडात आलं आणि मध होता," मी म्हणाले. "मळा ओळखू आला, वर्ष ओळखू आलं नाही. तुमचा मळा बरोबर होता, काकू. बाबांचं वर्षही बरोबर होतं. फक्त त्यांनी चहा घेतला नव्हता."

मग मी बाबांसारखाच बशीवरच्या वाटीवर हात ठेवला. चिनी मातीची वाटी गार होती. त्या खोलीत, त्याच जागी उभं राहिल्यावर मला समोर काय दिसतं, ते मी पाहिलं. टेबलापलीकडे किटली घेऊन भट्टीताई उभी होती. पाणी तीच ओतते, त्यामुळे ती नेहमी तिथेच असते. त्या दिवशी बाबांनी हात ठेवला आणि मान वर केली, तेव्हा त्यांनाही हाच चेहरा दिसला असणार.

मी हात काढून घेतला.

भट्टीताईने किटली खाली ठेवली. ती टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आली आणि तिने वाटी उचलली.

बशीतले दाणे पांढुरके होते, वाळलेल्या गवतासारखे.

"मामा नव्हते त्या आठवड्यात एका दुपारी आभाळ भरून आलं," ती म्हणाली. ती काकूंशी बोलत होती, पण नजर बशीवर होती. "मी पळत जाऊन वरच्या मळ्याच्या खाटेवर ताडपत्री टाकली. पाऊस पडलाच नाही. कडक ऊन पडलं. ताडपत्री लगेच काढायला हवी होती. भट्टीत दाणा तडकायला आला होता आणि माझे कान तिकडे लागले होते. मग दुसरी खेप चढवली. आठवलं तोवर दाणे आतल्या आत घामेजले होते. चार दिवसांत बुरशी. सगळा माल गेला. मास्तरांना मीच म्हटलं होतं, मामा येईपर्यंत उन्हात येऊ नका, खाट मी बघते. गोणीत भरून कोठारात ठेवलाय, उघडायचा धीर होत नाही."

"आणि हा?" काकूंनी बशीकडे बोट दाखवलं.

"मागच्या वर्षीचा उरलेला. म्हटलं, खरेदीदार तेवढा येऊन जाऊ दे, मग सांगते. मास्तरांना आदल्या दिवशी सर्दी झाल्यासारखं वाटत होतं, त्यांना कळणार नाही असं वाटलं. बाकीच्यांसाठी चहा."

"बशीत तरी दुसरे दाणे ठेवायचेस," मामा न राहवून म्हणाले. "चोरी करायची तर ती तरी नीट!"

"सुचलं होतं, मामा. हात धजला नाही. मनात कुठेतरी होतं, कुणीतरी वाटी उचलावी आणि माझी सुटका व्हावी."

काकू माझ्याकडे वळल्या. "तुला कसं कळलं?"

"जाळीवरून वाटलं की मामा," मी म्हणाले. "पण मामा इथे नव्हतेच, आणि जाळी बदललेली त्यांना माहीतही नव्हती. रेडिओकाकांनी चहा दिला, पण लपवायचं असतं तर त्यांनी मला ते हौसेने सांगितलं नसतं. माल तुम्ही बदलला असता, तर आज चमचा उचलला नसता. आणि माल कुणीही बदलला असता, तरी तो भट्टीतून जाणार होता. जुना दाणा लवकर तडकतो. जिला डोळे बांधून ते कळतं, तिला त्या दिवशी कळलं नाही असं होणार नाही. बाबांनाही हेच कळलं, इथे उभं असताना. म्हणून त्यांनी वाटी उचलली नाही. खरेदीदारासमोर, सगळ्यांसमोर, तिची फजिती झाली असती."

"पण त्यांची झाली," काकू म्हणाल्या.

"त्यांना वाटलं, एका रात्रीपुरती आहे." मी भट्टीताईकडे वळले. "मी अजून कुणालाही फोन केला नव्हता, तेव्हा तू आमच्या दारात होतीस. त्यांनी तुला बोलावलं होतं ना?"

तिने मान हलवली.

"चव झाल्यावर भट्टीपाशी आले. एक दाणा उचलून चावला आणि म्हणाले, 'कधी तडकला ते तू ऐकलंस. मला सांगू नकोस, मालकीणबाईंना सांग. सकाळी घरी ये. आधी कॉफी पिऊ, मग दोघं मिळून जाऊ.' मी आले. आणि मग..." तिने पदराने तोंड दाबलं. "ते नसताना मला एकटीला इथवर चालत येता आलं नाही."

तर ते जास्तीचं दूध हिच्यासाठी होतं.

आणि मला जे हवं होतं, ते मिळालं होतं. बाबा शंका घेऊन झोपले नव्हते. आपलं बरोबर आहे हे माहीत असलेला माणूस पोटभर जेवून, उद्याच्या पाहुण्याच्या दुधाची सोय करून झोपला होता.

६

काकू खिडकीपाशी जाऊन परत आल्या. मग रेडिओकाकांना म्हणाल्या, "छापखान्यात फोन करा. नव्या पिशव्या नकोत म्हणावं. मास्तरांचं नाव राहील. आणि खरेदीदाराला मी स्वतः कळवते, काय झालं ते सगळं."

"सगळं?"

"मास्तर बरोबर होते, इथून सुरुवात करते. पुढचं आपोआप येईल."

भट्टीताई बशी हातात घेऊन उभीच होती. काकूंनी तिच्या हातातून बशी काढून घेतली.

"तुझं आणि माझं बोलणं व्हायचंय. संध्याकाळी ये," त्या म्हणाल्या. "आता जा, भट्टी तापलेली आहे. विझू देऊ नकोस."

ती गेली. जाताना माझ्या खांद्याला तिचा हात लागला आणि तिथेच थोडा थांबला.

टोपीवाल्या बाई रुमालाने डोळे टिपत होत्या. यजमानांनी टेबलाकडे, बशीकडे, माझ्याकडे पाहिलं. त्यांना एक शब्द येत होता आणि तो आज चालणार नाही हे त्यांना कळलं होतं. त्यांनी टोपीवाल्या बाईंचा हात धरला.

सालीचा चहा व्हरांड्यात आला, ज्याच्या त्याच्या जागी, शेवटी. मी माझा पेला घेतला नाही. टेबलावर वरच्या मळ्याच्या रांगेतला एक कप अजून भरलेला होता. मी तो उचलला आणि थुंकून न देता प्यायले. गार झालेली, गोणपाटाची, एका वर्षाने जुनी कॉफी. तळाशी गाळ लागेपर्यंत प्यायले.

"तुम्ही मास्तरांची मुलगी," टोपीवाल्या बाई दारातून म्हणाल्या. "घरातच एवढा जाणकार. तुम्हाला तर कॉफी फारच आवडत असणार, नाही?"

मी कप खाली ठेवला. खोलीत काकू होत्या, मामा होते, खिडकीतून भट्टीचा धूर दिसत होता. छान, असं म्हणायची मला सवय होती.

"नाही," मी म्हणाले. "कॉफी मला कधीच आवडली नाही. मला बाबा आवडायचे."